जुनी जर्मन मोटार : खरेदी स्वस्त, सांभाळ महाग

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील उद्योजक आणि व्यावसायिकांच्या एका गटाने एकत्र येऊन मर्सिडीज-बेंझ कंपनीच्या १५० मोटारी एकाच वेळी खरेदी केल्या. सुमारे ६५ कोटी रुपयांच्या या व्यवहाराची देशभरातील प्रसारमाध्यमांनी दखल घेतली आणि मराठवाड्यातील या शहराचे नाव काही दिवस सर्वत्र चर्चेत राहिले. बातमी अर्थातच खरेदीच्या दिवसाची होती. मोटारीचे आयुष्य मात्र त्या दिवसापासून सुरू होते. त्या वर्षी नोंदणी झालेल्या खासगी मोटारींच्या नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत २०२५ मध्ये संपली.

मर्सिडीज-बेंझ, बीएमडब्ल्यू आणि आउडी या तीन जर्मन कंपन्यांच्या आलिशान सेडान मोटारी पहिल्या मालकाकडे सहसा चार-पाच वर्षांहून अधिक काळ राहत नाहीत. नंतर त्या दुसऱ्या, कधी तिसऱ्या हाती जातात. आठ-दहा वर्षे वापरलेली अशी मोटार अनेकदा नव्या, मध्यम आकाराच्या देशी मोटारीच्या किमतीत मिळते. त्यामुळे पहिला मालक आणि नंतरचा मालक यांच्या आर्थिक स्थितीत मोठे अंतर असते. नोकरदार, छोटे व्यापारी, तरुण व्यावसायिक असा एक मोठा वर्ग या जुन्या मोटारींकडे वळला आहे. वर्षानुवर्षे मनात जपलेली गाडी आवाक्यात आली, ही भावना त्यामागे असते आणि तीत गैर काही नाही. अडचण खरेदीनंतर उद्भवते.

मोटारीची किंमत वयाबरोबर घटते. तिच्या देखभालीचा खर्च मात्र त्या प्रमाणात घटत नाही, उलट वाढतो. समजा, एखादी सेडान नवी असताना साठ लाख रुपयांना विकली गेली आणि दहा वर्षांनी ती बारा लाखांना मिळाली. खरेदीदाराच्या दृष्टीने ती बारा लाखांची मोटार असते. परंतु तिचा हेडलॅम्प, गिअरबॉक्स, ब्रेकच्या तबकड्या आणि संगणकीय नियंत्रक हे सर्व साठ लाखांच्या मोटारीचेच असतात आणि त्यांची किंमतही तशीच आकारली जाते. नव्या मोटारीच्या किमतीच्या तीन टक्के रक्कम एका वर्षाच्या दुरुस्तीवर खर्च झाली, तर पहिल्या मालकाला ते १ लाख ८० हजार रुपये फारसे जाणवत नाहीत. दुसऱ्या मालकाच्या बाबतीत हाच खर्च खरेदी किमतीच्या पंधरा टक्के होतो. जुन्या जर्मन मोटारी 'परवडत नाहीत' अशी जी सर्वसाधारण तक्रार ऐकू येते, तिचे मूळ बहुतांशी या साध्या हिशेबात आहे.

पिंपरी ते चेन्नई

भारतात जोडणी होत असूनही या मोटारींचे सुटे भाग महाग का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या कंपन्यांच्या भारतातील वाटचालीत सापडते.

टाटा समूहाने १९५४ मध्ये जमशेदपूर येथे मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने मालमोटारींचे उत्पादन सुरू केले होते. पंधरा वर्षांचा तो करार १९६९ मध्ये संपला. मात्र मर्सिडीजचे नाव भारतीय चालकांच्या बोलण्यात कायम राहिले. उदारीकरणानंतर १९९४ मध्ये कंपनी पुन्हा भारतात आली. पुढील वर्षी पुण्याजवळ पिंपरी येथे, तत्कालीन टेल्कोच्या आवारात, ई-क्लास मोटारीची जोडणी सुरू झाली. डब्ल्यू-१२४ या सांकेतिक नावाने ओळखली जाणारी ती मोटार आजही जाणकारांच्या आदरास पात्र आहे. २००९ मध्ये कंपनी चाकण येथील स्वतःच्या कारखान्यात गेली. दरम्यान, बीएमडब्ल्यूने मार्च २००७ मध्ये चेन्नईजवळ जोडणी सुरू केली, तर आउडीने औरंगाबादजवळील शेंद्रा औद्योगिक वसाहतीतील स्कोडाच्या कारखान्याचा आधार घेतला.

या सर्व ठिकाणी प्रामुख्याने जोडणी होते. पूर्ण बांधणी होऊन आलेल्या महागड्या मोटारीवर अनेक वर्षे शंभर टक्क्यांपर्यंत सीमाशुल्क होते. सुटे भाग आणून येथे जोडलेल्या मोटारीवर ते त्या मानाने फारच कमी होते. २०१८ च्या अर्थसंकल्पात सुट्या भागांच्या संचावरील शुल्क १० टक्क्यांवरून १५ टक्के करण्यात आले, तरीही दोहोंतील तफावत मोठीच राहिली. कारखाने येथे उभारले जाण्यामागे ही तफावत हे प्रमुख कारण होते. परंतु मोटार चाकणला जोडली म्हणजे तिचा प्रत्येक भाग चाकणला तयार झाला, असे होत नाही. दुरुस्तीसाठी लागणारे अनेक भाग युरोपातूनच येतात. त्यांवर शुल्क, वाहतूक आणि विनिमय दर यांचा भार पडतो. २०१० मध्ये एक युरो साधारणतः साठ रुपयांना मिळत असे. २०२५ मध्ये त्याने शंभरी ओलांडली. जर्मनीत भागाची किंमत तेवढीच राहिली असती, तरी भारतीय ग्राहकाला तो या काळात दीडपटीहून अधिक महाग पडला असता.

करांच्या बाबतीत अलीकडे ग्राहकाला काहीसा दिलासा मिळाला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर मोठ्या सेडान मोटारींवर २८ टक्के कर आणि त्यावर २० टक्क्यांपर्यंत उपकर आकारला जात होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर रद्द होऊन ४० टक्के असा एकच दर लागू झाला, तर सुट्या भागांवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नव्या मोटारी स्वस्त झाल्या की जुन्यांचे भावही खाली येतात. म्हणूनच कर कपातीपूर्वी जुनी मोटार घेतलेल्यांना या निर्णयाचा लाभ दुरुस्तीच्या देयकात मिळाला आणि फटका पुनर्विक्रीच्या किमतीत बसला.

कागद आधी, इंजिन नंतर

जुनी मोटार पाहण्यास गेलेला ग्राहक प्रथम तिचा रंग पाहतो, मग आसनांचे चामडे आणि नंतर इंजिनाचा आवाज ऐकतो. अनुभवी मेकॅनिक मात्र प्रथम कागद मागतात.

महाराष्ट्रात २० लाख रुपयांहून अधिक किमतीच्या पेट्रोल मोटारीवर १३ टक्के आणि डिझेल मोटारीवर १५ टक्के असा एकरकमी वाहन कर राहिला आहे. कंपनीच्या नावे नोंदणी असल्यास तो २० टक्के. या कराची कमाल मर्यादा २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाख रुपये करण्यात आली. काही राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत कर पुष्कळ कमी असल्याने तेथील पत्ता दाखवून महागड्या मोटारींची नोंदणी करण्याची पद्धत रूढ झाली. पुदुच्चेरी हे त्याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण. २०१७ मध्ये केरळात या प्रकरणी अनेक मोटारमालकांची चौकशी झाली होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार एका राज्यातील वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि तेथील कर भरावा लागतो. दूरच्या राज्याची पाटी असलेली मोटार दोन-तीन लाखांनी स्वस्त दिसते, तेव्हा हा कर किमतीत धरलेला नसतो.

राजधानी दिल्लीतून येणाऱ्या डिझेल मोटारींचा विषय वेगळा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेल्या आदेशांमुळे दिल्ली व परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारी चालविण्यास बंदी आली. परिणामी उत्तम स्थितीतील कित्येक जर्मन डिझेल सेडान नऊ वर्षे पूर्ण होताच अन्य राज्यांत मिळेल त्या किमतीस विकल्या गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मोटारींवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. डिसेंबरमध्ये हे संरक्षण भारत स्टेज-४ व त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित केले. दिल्लीची मोटार घेणे चुकीचे नाही. मात्र तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देणे धोक्याचे ठरते.

हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३०, परराज्यातील मोटार असल्यास नमुना २८, कर्ज फेडले असल्यास बोजा उतरविण्याचा नमुना ३५ ही कागदपत्रे आवश्यक असतात. महागडी मोटार बहुधा कर्जावर घेतलेली असते. कर्ज फिटूनही नोंदणी पुस्तकातील बँकेचे नाव तसेच राहिल्याची उदाहरणे विरळ नाहीत. मोटार विकणाऱ्यानेही गाफील राहता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेल्या निकालानुसार, मोटार विकली असली तरी परिवहन विभागाच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक मानला जातो आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते.

यानंतर सर्व्हिसिंगचा इतिहास पाहावा. चेसिस क्रमांकावरून अधिकृत कार्यशाळेत पूर्वीच्या नोंदी मिळू शकतात. किलोमीटरचा आकडा मागे फिरविण्याची कला सर्वत्र उपलब्ध आहे. परंतु या मोटारींत तो आकडा एकाहून अधिक नियंत्रकांत साठविला जात असल्याने कंपनीच्या निदान प्रणालीला जोडल्यास तफावत अनेकदा उघड होते. खरेदीपूर्वी अशा तपासणीवर खर्च केलेले काही हजार रुपये हा संपूर्ण व्यवहारातील सर्वांत फायदेशीर खर्च म्हणता येईल. विक्रेता तपासणीस नकार देत असेल, तर ग्राहकाला आपले उत्तर मिळालेले असते.

पाण्याची खूण

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या दिवशी पाण्यात अडकलेल्या हजारो वाहनांमध्ये महागड्या मोटारीही होत्या. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत तेच घडले. अशा मोटारींचे पुढे काय होते, हे जुनी मोटार घेणाऱ्याने समजून घेणे आवश्यक आहे.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवेचे आकुंचन होते, पाण्याचे होत नाही. हवा घेण्याच्या मार्गातून पाणी आत शिरले असताना मोटार सुरू करण्याचा प्रयत्न केला, तर दट्ट्या पाण्यावर आदळतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि क्षणार्धात इंजिन निकामी होते. मोटार पाण्यात उभी राहिली हा अपघात झाला; चालकाने चावी फिरविल्याने झालेले नुकसान हे त्याचे पुढील परिणाम आहेत, अशी भूमिका घेऊन विमा कंपन्यांनी अनेक दावे नाकारले. त्यातूनच इंजिन संरक्षणाचे स्वतंत्र कलम जादा हप्त्यावर देण्याची पद्धत पुढे आली. किनारी वा पूरप्रवण शहरात जर्मन सेडान बाळगणाऱ्याने हे कलम टाळणे म्हणजे थोडक्यासाठी मोठी जोखीम घेणे होय. पाणी साचलेल्या मोटारीची चावी फिरवू नये, ती ओढून न्यावी, ही सूचना विम्याहूनही मोलाची आहे.

इंजिन बदलता येते. तारांचे जाळे वाळविणे कठीण असते. या मोटारींचे अनेक नियंत्रक आसनांखाली, गालिच्याखाली किंवा डिकीच्या तळाशी बसविलेले असतात. पाण्यात भिजलेली मोटार बाहेरून झळाळते, पण सहा महिन्यांनी जोडण्यांवर गंज चढतो आणि दरवाजे, दिवे, एअरबॅग यांबाबत निरनिराळ्या सूचना पडद्यावर उमटू लागतात. पट्टा पूर्ण बाहेर ओढून त्याच्या शेवटच्या हातभर भागावर चिखलाची रेषा आहे का, आसनांच्या पटऱ्यांवर गंज आहे का, सुट्या चाकाच्या खड्ड्यात गाळ आहे का, एवढे पाहण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

विम्याच्या बाबतीत आणखी एक बाब. मोटारीचे विमा मूल्य ठरविताना पहिल्या वर्षाच्या अखेरीस १५ टक्के, पाचव्या वर्षाच्या अखेरीस ५० टक्के घसारा धरला जातो आणि त्यापुढे मूल्य परस्पर संमतीने ठरते. दुरुस्तीच्या दाव्यात रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी व एअरबॅग यांच्या किमतीतून निम्मी रक्कम कापली जाते. आजच्या मोटारीचा पुढील भाग जवळजवळ संपूर्ण प्लास्टिकचा असतो, हे लक्षात घेतल्यास ही कपात किती मोठी होते याची कल्पना येईल. घसारा न कापणारे जादा कलम साधारणतः पहिल्या काही वर्षांपुरतेच मिळते; म्हणजे ज्याला त्याची सर्वाधिक गरज असते त्या तिसऱ्या मालकाला ते बहुधा मिळत नाही. तेथे विमा पुरेसा आहे असे गृहीत धरून चालत नाही.

रबराचे वय

जर्मन मोटार भारतीय रस्त्यांवर 'टिकत नाही', या समजात तथ्य थोडे आहे. तिचे इंजिन आणि सांगाडा दीर्घायुषी असतो. लवकर थकतात ते रबर आणि प्लास्टिक.

या मोटारींच्या पुढच्या चाकांना आधार देणारे अनेक दांडे असतात आणि प्रत्येकाच्या टोकाशी रबरी बुश असते. वेगवान महामार्गावर मोटार जमिनीस खिळून राहावी, यासाठी ही रचना केलेली असते. खड्डे आणि आकस्मिक गतिरोधक यांच्यापुढे ती बुशे फाटतात. आवाज येऊ लागतो, सुकाणू एका बाजूस ओढते, टायर कडेने झिजतात. दुरुस्ती पुढे ढकलल्यास काही हजारांच्या बुशाऐवजी चार टायर बदलण्याची वेळ येते. हवेवर चालणारे सस्पेन्शन असेल तर प्रकरण अधिक नाजूक होते. त्यातील रबरी फुग्याला बारीक भेग पडली की हवा निसटते. ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सतत चालतो आणि अखेरीस तोही जळतो. रात्रभर उभी केलेली मोटार सकाळी एका कोपऱ्यात खाली बसलेली दिसली, तर विक्रेत्याच्या कोणत्याही स्पष्टीकरणावर विश्वास ठेवू नये. या कारणासाठी मोटार सायंकाळी नव्हे, तर सकाळी, इंजिन थंड असताना पाहण्यास जावे.

कूलंटच्या टाक्या, नळ्यांच्या जोडण्या आणि पाण्याच्या पंपाचे भाग अनेक मॉडेलांत प्लास्टिकचे असतात. उष्णतेने ते ठिसूळ होतात. दिल्लीच्या मे महिन्यात वा बंगळूरच्या वाहतूक कोंडीत तासभर रखडलेल्या इंजिनाच्या झाकणाखालील तापमान किती चढते, हे वेगळे सांगायला नको. तापमानाचा इशारा आल्यावर 'घर जवळच आहे' म्हणून मोटार पुढे नेणाऱ्या मालकाला सिलिंडर हेडची किंमत कळते.

ऑइलबाबत सूचना साधी आहे, तरी ती सर्वाधिक दुर्लक्षित आहे. मोटारीचा संगणक पुढील सर्व्हिसिंगचे जे अंतर दाखवितो, ते आदर्श परिस्थिती गृहीत धरून असते. पंधरा किलोमीटरसाठी दीड तास चालणाऱ्या इंजिनाला किलोमीटरचा हिशेब लागू पडत नाही. म्हणून अनेक जाणकार मेकॅनिक संगणकाची वाट न पाहता वर्षातून एकदा, अथवा दर्शविलेल्या अंतराच्या साधारण निम्म्यावर ऑइल बदलतात. स्वयंचलित गिअरबॉक्सची कथाही अशीच आहे. त्यातील ऑइल 'आयुष्यभरासाठी' असल्याचे मोटार कंपन्या सांगत आल्या. मात्र बीएमडब्ल्यू, आउडी आणि इतर अनेकांना गिअरबॉक्स पुरविणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदलण्याची शिफारस करते. आयुष्यभर म्हणजे कोणाच्या आयुष्यभर, हा प्रश्न दुसऱ्या मालकाने विचारण्यासारखा आहे.

डिझेल मोटारीत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. ती वेळोवेळी स्वतःच काजळी जाळून मोकळी होते; परंतु त्यासाठी मोटार काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. रोज मुलांना शाळेत सोडून आणण्यापुरती वापरली जाणारी डिझेल सेडान ही संधी कधीच देत नाही आणि गाळणी तुंबते. ज्यांचा वापर शहरापुरता आहे, त्यांनी पेट्रोल मोटार घेणे श्रेयस्कर. तेथेही एक अट आहे. १ एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक पेट्रोल मोटारी वीस टक्के इथेनॉल डोळ्यांपुढे ठेवून तयार झालेल्या नाहीत. मालकाच्या पुस्तिकेत वा इंधन टाकीच्या झाकणावर इथेनॉलची जी मर्यादा छापलेली असते, ती पाहून इंधन नळ्या व सील यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलांत हवा गेल्यावरही काही अंतर धावू शकणारे टायर असतात. हवा नसताना ताशी ८० किलोमीटरच्या आत सुमारे ८० किलोमीटर जाता यावे, अशी त्यांची रचना असते. जर्मनीत एवढ्या अंतरात कार्यशाळा सापडते. नागपूर ते रायपूर मार्गावर तसे होईलच असे नाही. असे टायर महाग असतात, कडक असतात आणि त्यांच्या भरवशावर सुटे चाक दिलेले नसते. त्यामुळे अनेक मालक साधे टायर बसवून डिकीत एक छोटे चाक आणि हवेचा पंप ठेवतात. बॅटरी बदलताना नव्या बॅटरीची नोंद संगणकात करावी लागते, हेही अनेकांना पहिली नवी बॅटरी लवकर संपल्यानंतर उमगते.

काही दोष विशिष्ट मॉडेलांशी निगडित असतात. उदाहरणार्थ, २००३ च्या सुमारास आलेल्या मर्सिडीज ई-क्लासमध्ये विजेवर नियंत्रित होणारी नवी ब्रेक यंत्रणा होती. २००४ मध्ये कंपनीने जगभरातील सुमारे ६ लाख ८० हजार मोटारी तिच्या तपासणीसाठी परत बोलावल्या आणि २००६ मध्ये ही यंत्रणा ई-क्लासमधून काढून टाकली. त्यामुळे एकाच आकाराच्या, एकाच रंगाच्या २००५ आणि २००७ च्या दोन मोटारी देखभालीच्या दृष्टीने दोन वेगळ्या मोटारी ठरतात. 'ई-क्लास घ्यायची आहे' एवढे ठरविणे पुरेसे नसते. कोणत्या वर्षाची आणि कोणत्या इंजिनाची, हे आधी ठरवावे लागते.

अधिकृत की बाहेरचे गॅरेज

हमीचा काळ संपल्यानंतर बहुतेक मालक अधिकृत कार्यशाळा सोडून खासगी गॅरेजकडे वळतात. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद, कोची अशा शहरांत केवळ जर्मन मोटारींचे काम करणारी गॅरेजे आहेत आणि त्यांतील काही मेकॅनिक पूर्वी अधिकृत कार्यशाळांतच तयार झालेले आहेत. लहान शहरांत मात्र ही सोय नसते. मोटार घेण्यापूर्वी मेकॅनिक शोधावा, हा सल्ला त्यामुळेच दिला जातो.

खासगी गॅरेजांना सुटे भाग, निदान यंत्रे आणि तांत्रिक माहिती मिळत नाही, ही तक्रार जुनी आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी ती ग्राह्य धरून १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्यांत मर्सिडीज-बेंझ, बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन यांच्याबरोबरच मारुती, टाटा, महिंद्र यांचाही समावेश होता. सुटे भाग खुल्या बाजारात उपलब्ध करावेत आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट हमी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. कंपन्यांनी आदेशाला आव्हान दिल्याने हे प्रकरण पुढे न्यायालयांत गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या कार्यकक्षेत मोटारींचाही समावेश होता आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यासाठी संकेतस्थळ सुरू झाले.

ग्राहकाला तोपर्यंत एक मार्ग उपलब्ध आहेच. मोटार कंपन्या अनेक भाग स्वतः बनवीत नाहीत. बॉश, झेडएफ, साक्स, माले, लेमफर्डर अशा कंपन्या ते बनवितात आणि मोटार कंपनीच्या खोक्यात घालून पुरवितात. तोच भाग मूळ उत्पादकाच्या खोक्यात बऱ्याच कमी किमतीस मिळतो. तिसरा पर्याय म्हणजे अनोळखी नावाचा, आणखी स्वस्त भाग. दरवाजाच्या मुठीसाठी तो चालून जाईल. ब्रेक आणि सुकाणूसाठी चालणार नाही. मोडीत निघालेल्या मोटारींचे भाग हा चौथा पर्याय. दिल्लीच्या मायापुरीत वा मुंबईच्या कुर्ल्यात ते मिळतात. मात्र नियंत्रकांसारखे भाग मूळ मोटारीच्या चेसिस क्रमांकाशी बांधलेले असतात आणि दुसऱ्या मोटारीत ते सहजासहजी चालत नाहीत. विकत घेतलेला भाग परत घेण्याची पद्धत तेथे नाही.

भारतीय बाजारपेठेचे आणखी एक वैशिष्ट्य येथे नोंदविण्यासारखे आहे. येथे मालक बहुधा मागे बसतो. २०१७ मध्ये मर्सिडीजने भारतात आणलेली लांब ई-क्लास आणि २०२१ ची लांब बीएमडब्ल्यू ३ सिरीज यांची रचना त्यासाठीच होती. दुसरा मालक मात्र बहुधा स्वतः मोटार चालवितो. पहिल्या मालकाच्या काळात पडद्यावरील इशारे चालक पाहत असे, मालक नव्हे. कोणता इशारा किती दिवस दुर्लक्षित राहिला, याची माहिती नव्या खरेदीदाराला क्वचितच मिळते. शक्य असल्यास त्या चालकाशी दोन शब्द बोलावेत. तो सर्व्हिसिंगच्या पुस्तकापेक्षा अधिक सांगतो.

पंधरा वर्षांनंतरही मोटार ठेवायची असल्यास नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये आणि आयात मोटारींसाठी ४०,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते अनुक्रमे १०,००० आणि ८०,००० रुपये करण्यात आले. तरीही पिंपरीत जोडलेल्या डब्ल्यू-१२४ पैकी काही मोटारी आजही रस्त्यावर दिसतात. त्यांत संगणक मोजकेच आहेत आणि साध्या पान्यांनी होणारे काम बरेच आहे. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या मोटारीस 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र क्रमांक मिळतो. १९९५ मध्ये नोंदणी झालेल्या त्या मोटारी २०४५ मध्ये त्यास पात्र ठरतील. तोवर त्यांच्या मालकांना दर पाच वर्षांनी परिवहन कार्यालयाच्या रांगेत उभे राहावे लागणार आहे.